बारा मिनिटांत न बसलेला गणपती

मागच्या महिन्यात आईला घेऊन पेणला गेलो होतो. निमित्त होतं लघुपट महोत्सवाचं. हो, आमच्या पेणला! गणपती, पापड आणि पोहे यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात चार तरुण मुलांनी एकत्र येऊन दोन दिवस शॉर्ट फिल्म्स दाखवायचं ठरवलं. विषय दिला होता ‘कुटुंब, ओळख आणि समाज’. पडदा म्हणजे हॉलच्या भिंतीवर ताणून बसवलेलं पांढरं कापड, खुर्च्या मांडववाल्याकडच्या, आणि खिडक्यांना अंधारासाठी लावलेल्या सतरंज्या. त्यात माझ्या भाचीचा, चिऊचा, बारा मिनिटांचा लघुपट होता. आणि त्या लघुपटाची नायिका होती माझी आई. वय वर्षं 77.

आईचं माहेर पेणचं आणि सासर रोह्याचं. रेल्वेनं गेलं तर मधे नागोठणं, कासू अशी मोजकीच स्टेशनं. पण 1969 साली लग्न होऊन ती रोह्याला आली तेव्हा रेल्वे नव्हतीच, रोह्यापर्यंत गाडी आली ती 1986 मध्ये. त्याआधी वडखळ-नागोठण्यावरून एसटी. आजच्या हिशेबानं हे अंतर म्हणजे काहीच नाही. रोज नोकरीसाठी लोक याच्या तिप्पट जातात. पण आईच्या काळी माहेर आणि सासर यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसे. ते वर्षातून किती वेळा जायला मिळतं यात मोजायचं.

सकाळच्या दिव्याच्या गाडीनं निघालो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि वर “मी काय नटी आहे का, मला कशाला नेताय?” हे घरापासून स्टेशनपर्यंत चार वेळा म्हणून झालं होतं. गाडीत खिडकीची जागा मिळाली. भात निघून गेलेल्या शेतांत वाल उगवून आले होते. ते बघत बसली. मग म्हणाली, “यंदा वाल चांगला आहे.” बस, एवढंच.

आमच्या पिढीला लघुपट हा शब्द ऐकला की काय आठवतं सांगू? सिनेमा सुरू व्हायच्या आधीची फिल्म्स डिव्हिजनची रीळ. कुठं धरण बांधलं, कुठं पूर आला, कुठल्या राज्यातले लोक कुठलं नृत्य करतात... थिएटरवाल्यांना ती दाखवणं सक्तीचं होतं आणि प्रेक्षकांना ती चुकवणं! “अजून पिक्चर सुरू नाही झाला, न्यूजरीलच चालूय” असं म्हणत लोक बाहेर निवांत शेंगा खात उभे असायचे. 1948 साली सुरू झालेली ती संस्था 2022 मध्ये एनएफडीसीत विलीन झाली. 1990 पासून दर दोन वर्षांनी मुंबईत होणारा माहितीपट-लघुपटांचा मोठा महोत्सव, ज्याला सगळे ‘मिफ’ म्हणतात, तो तिचाच. एकदा मित्राबरोबर एनसीपीएला तो बघायला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा कळलं की लघुपट म्हणजे धरणच असतं असं नाही. घरही असू शकतं.

पेणच्या मुलांनी हे ओळखलं होतं. स्पर्धेतल्या फिल्म्स संध्याकाळी होत्या. त्याआधी सकाळी त्यांनी आपल्याकडच्या काही गाजलेल्या शॉर्ट फिल्म्स दाखवल्या, एकापाठोपाठ एक. क्रांती कानडे यांची ‘चैत्र’, जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरची. हळदीकुंकवाला गेलेल्या आईचा अपमान होतो आणि तिचा मुलगा तो विसरत नाही. मग उमेश कुलकर्णी यांची फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना केलेली ‘गिरणी’. छोट्याशा घरात आई पोटापाण्यासाठी पिठाची गिरणी आणते. मुलाला आधी अप्रूप वाटतं आणि मग तिचा आवाज, तिचं पीठ, तिचं काम सगळं नकोसं होतं. नागराज मंजुळे यांची ‘पिस्तुल्या’. शाळेची ओढ लागलेलं पोर, आणि शाळेचं दार आणि त्याचं घर यांच्यामध्ये उभी असलेली जात आणि गरिबी. त्यांचीच 2017 सालची ‘पावसाचा निबंध’. पोराला शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितलाय आणि इकडे घर गळतंय! आणि राज प्रीतम मोरे यांची ‘खिसा’. पोराच्या शर्टाला मोठा खिसा शिवलाय, तर गावातल्या मोठ्या माणसांना त्याचाच त्रास होतो.

या सगळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेत. पण मला एकामागून एक बघताना वेगळीच गोष्ट लक्षात आली. यातल्या प्रत्येक फिल्ममध्ये घराकडे, गावाकडे बघणारं एक लहान मूल आहे. मोठी माणसं भांडतात, पितात, अपमान करतात, सोसतात. मूल बघत असतं. आणि आपण प्रेक्षक त्या मुलाच्या उंचीवरून सगळं बघतो. त्यामुळे दोष कुणाचा हे आपल्याला लगेच कळतं. मूल कधी दोषी नसतं. ही माझी दुपारच्या जेवणाआधीची समजूत. ती संध्याकाळपर्यंत टिकली.

संध्याकाळी आजूबाजूच्या पोरांच्या फिल्म्स. बहुतेक मोबाइलवर काढलेल्या. एक खारेपाटातली होती. चारी बाजूंनी खाडीचं पाणी आणि प्यायच्या पाण्यासाठी रात्री टँकरची वाट बघणाऱ्या बायका. एक बाई हंड्यावर डोकं टेकून झोपते आणि टँकरच्या हॉर्नने दचकून उठते, एवढीच सहा मिनिटं. हॉलमधले अर्धे लोक त्याच बाजूचे असावेत, कारण हॉर्न वाजल्यावर ते हसले. ओळखीचं हसू होतं ते. दुसरी एका कातकरी वाडीवरची. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेलं कुटुंब घर बंद करतंय. बंद करतंय म्हणजे काय, तर दाराला कुलूप नाहीच, एक फांदी आडवी लावलीय. पोरगं दप्तर घेऊ का म्हणून विचारतं. आई उत्तर देत नाही. संपली फिल्म. टाळ्या वाजवायला लोकांना जरा वेळच लागला.

आणि मग चिऊची.

पेणच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते, वाळते, मग घासकाम होतं, पांढरा रंग लागतो, अंगाचा रंग लागतो, सोवळं, शेला, दागिने. आणि डोळ्यांची आखणी. आखणी करणाऱ्याचा मान वेगळाच. बाकी कुठं ब्रश घसरला तर वरून रंग मारता येतो. डोळा घसरला तर मूर्ती बघणाऱ्याकडे बघत नाही, भलतीकडेच बघते. आजोबांच्या घरी कारखाना होता. घरच्या बायका पूर्वी घासकाम, रंगकाम करायच्या, पण आखणी पुरुषांची. मामाचा हात जड म्हणून आजोबांनी ब्रश आईच्या हाती दिला, तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. हे मला ऐकून माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, आपल्या आईबद्दल जेवढं आणि जसं माहीत असतं तसं.

फिल्मची सुरुवात आईच्या हातांवर. मोड आलेले कडवे वाल सोलतायत. चेहरा दिसतच नाही. चिऊचा आवाज विचारतो, “आजी, तू पेणला काय करायचीस?”

“डोळे काढायचे.”

हॉल हसला.

“म्हणजे गणपतीचे गं. हंगामात दिवसाला पन्नास-साठ जोड्या व्हायच्या. बाबा म्हणायचे, आधी श्वास धरायचा, मग ब्रश.”

“आणि रोह्याला आल्यावर?”

“रोह्याला आल्यावर स्वयंपाक.”

पुन्हा हशा. मग बराच वेळ नुसते हात. साल निघतंय, वाल पातेल्यात पडतोय. मग आई म्हणते, “कुणी ब्रश नको घेऊ म्हटलं नाही हो. घे असंही कुणी म्हटलं नाही.”

या वेळी हॉल हसला नाही.

शेवट असा होता. परातीत तांदळाचं पीठ आहे. आई बोटानं त्यात एक डोळा काढते. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ. तीन फटकारे. आणि मग तळहातानं पुसून टाकून त्यावर गरम पाणी ओतते. भाकरीसाठी.

टाळ्या वाजल्या, खूप वाजल्या. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे पुसत होती. मी आईकडे बघितलं. ती पदराची किनार चाचपत बसली होती, जशी ती लग्नसमारंभात बसते. नंतर आयोजकांनी तिला उठून उभं केलं. एका मुलीनं प्रश्न विचारला, “आजी, आजोबांनी आणि सासरच्यांनी तुमच्यातली कलाकार मारली असं तुम्हाला वाटतं का?” आई जरा थांबली. मग म्हणाली, “चहा कधी आहे?” सगळा हॉल हसला आणि विषय तिथंच संपला. असं मला वाटलं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. आई कासूपर्यंत गप्प. नागोठणं गेल्यावर म्हणाली, “चिऊनं केलंय छान. पण ह्यांचा गणपती कुठं गेला?”

“कुठला गणपती?” मी विचारलं. मला माहीत होतं कुठला.

“मी सगळं सांगितलं होतं तिला. तो नाही दाखवला.”

मग रोहा आलं.

घरी आल्यावर चिऊला फोन केला. आवाज चढलाच माझा थोडा. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. ते उठून आपली बाजू मांडणार नाहीत. दोनशे माणसांसमोर तू त्यांना बायकोचा ब्रश काढून घेणारा माणूस करून टाकलंस, असं काहीतरी बोललो. चिऊनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “मामा, मी बसवून बघितला होता तो भाग. तो आला की लोक आजोबांनाच टाळ्या वाजवतात. किती चांगला नवरा! एका वर्षी एक गणपती आणला आणि पन्नास वर्षांचा हिशेब मिटला? मग आजीचं ते एवढं वर्षं न बोलणं कुठं जातं? बारा मिनिटांत एकच गोष्ट सांगता येते. मी आजीची सांगितली.”

खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही. पंचवीस वर्षांच्या पोरीला एवढं कळतं आणि मला पन्नाशी उलटल्यावर ते फोनवर ऐकावं लागतं, असंही वाटून गेलं. असो. फोन ठेवताना ती म्हणाली, “तुला सगळं रेकॉर्डिंग पाठवते. तूच बघ.”

रात्री सगळे झोपल्यावर कानात इअरफोन घालून बघत बसलो. तीन तास चाळीस मिनिटं. त्यात आई बरंच काय काय बोलते. सासूबाईंच्या संधिवाताबद्दल, धावीर महाराजांच्या पालखीबद्दल, पोलीस पालखीला सलामी देतात ती लहानपणी मला खांद्यावर घेऊन दाखवली त्याबद्दल, गॅस आल्यावर पहिल्या दिवशी भीतीनं चुलीवरच केलेल्या भाताबद्दल. आणि मग तो गणपती.

1982 साल. बाबा गणपती आणायला पेणला मामाकडे गेले. आमचा गणपती दरवर्षी तिथूनच. त्या वर्षी त्यांनी मामाला सांगितलं, याचे डोळे राहू दे. आणि तो बिनडोळ्यांचा गणपती, तोंडावर रुमाल टाकून, मांडीवर धरून एसटीनं रोह्याला आणला. सोबत कागदात गुंडाळलेले दोन ब्रश आणि काळ्या रंगाची छोटी बाटली. आईसमोर ठेवून म्हणाले, “डोळे तू काढ.”

पडद्यावर आई हे सांगताना वाल सोलायची थांबते. म्हणते, “तेरा वर्षांनी ब्रश धरला गं. श्वास धरला, पण हात धरेना. डावा डोळा जरा वर गेला. पुसून पुन्हा केला, तर मोठा झाला. ते म्हणाले, राहू दे, छान झालाय. तसाच पाटावर बसवला. त्या वर्षी मी आरतीला डोळे मिटून उभी राहिले.”

चिऊचा आवाज विचारतो, “कुणी काही म्हटलं?”

“नाही. पोरं हसली थोडी. पोरंच ती.”

मी तिथं थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पोरं हसली थोडी.

पोरं नव्हती. मी होतो. दहा वर्षांचा होतो. आरतीला आळीतले सगळे जमले होते, ताम्हनात कापूर पेटला होता, आणि मी मोठ्यानं ओरडलो होतो, “बाबा, आपला बाप्पा तिरळा आहे!” सगळे हसले. शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. बाबांनी मला मारलं नाही, ओरडले नाहीत. त्यांनी वाकून मूर्तीवरच्या दूर्वा नीट केल्या, जेणेकरून डावा डोळा थोडा झाकला जाईल. पुढच्या वर्षी भाद्रपदात बाबा पेणला निघाले तेव्हा आई आतूनच म्हणाली, “तयारच आणा हो.”

ते दोन ब्रश पुढे माझ्या शाळेच्या चित्रकलेच्या पेटीत आले. मी ते वापरले.

मला बाबांसाठी राग आला होता हे खरं आहे. पण त्या रात्री लक्षात आलं, की तो भाग कापला गेला म्हणून मनात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. हॉलमध्ये फिल्म पुढे सरकत होती तेव्हा मी खुर्चीचा हात धरून त्याच गणपतीची वाट बघत होतो. तो आला नाही आणि मी टाळ्या वाजवल्या. चिऊनं बाबांना कापलं ते कळून सवरून, एका कारणासाठी. आईनं मला कापलं ते त्याच्याही आधी, कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता, एका शब्दात. ‘पोरं.’ आणि मी तर ही गोष्ट त्रेचाळीस वर्षं कुणाला सांगितलीच नव्हती. एकाच गणपतीला आम्ही तिघांनी मिळून कात्री लावली.

सकाळी बघितलेल्या फिल्म्स पुन्हा डोक्यात फिरायला लागल्या. मूल नुसतं बघत असतं, मूल दोषी नसतं, असं मी मोठ्या शहाणपणानं ठरवलं होतं. ‘गिरणी’तला मुलगा मी सोयीनं विसरलो होतो. आई ज्यावर घर चालवते तीच गोष्ट त्याला नकोशी झालेली असते. तो वाईट नाही. त्याला झोप हवी असते, मित्र हवे असतात. पण आईच्या कामाविरुद्ध घरात सगळ्यात मोठा आवाज गिरणीचा नसतो, त्याचा असतो. हे उमेश कुलकर्णींनी सांगून ठेवलं होतं आणि मी सकाळी ते बघून पोहे खायला गेलो होतो!

कुटुंबावरची फिल्म बघायला त्या कुटुंबातली माणसं हॉलमध्ये बसली पाहिजेत, असं मला आता वाटतं. बाकीच्यांना पडद्यावर आहे ते दिसतं. घरच्यांना नाही ते दिसतं. टँकरच्या हॉर्नला हसलेल्या त्या खारेपाटातल्या लोकांनाही असंच आणखी काहीतरी दिसलं असणार, जे मला दिसलं नाही. मुंबईच्या मोठ्या महोत्सवात हे होत नाही. तिथं फिल्म संपते. पेणला ती गाडीत बसून नागोठण्यापर्यंत आपल्याबरोबर येते आणि विचारते, ह्यांचा गणपती कुठं गेला?

दुसऱ्या दिवशी चिऊला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिच्यातली दिग्दर्शिका जागी झाली. “मामा, हे कॅमेऱ्यासमोर बोलशील?” म्हटलं, आधी आईला विचारतो.

आई ओसरीवर वाल निवडत बसली होती. मी समोर बसलो. चार वाल हातात घेतले. कसं सुरू करावं कळेना. शेवटी म्हटलं, “आई, त्या वर्षी मी ओरडलो होतो ना. बाप्पा तिरळा म्हणून.”

तिनं वर बघितलं नाही.

“मला काय माहीत नव्हतं होय?” म्हणाली. “दहा वर्षांचं पोर तू. आणि खरं सांगू का, तिरळाच होता तो.”

आणि मग आम्ही दोघं हसलो. बऱ्याच वेळानं तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “चिऊला सांग, पुढच्या वेळी येताना बारीक ब्रश आण म्हणावं. शून्य नंबरचा.”